उन्हाळ्याच्या शेवटी उघडलेली वही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या मे महिन्यातील पुरवण्यांत सुट्टीतली शिबिरे, छंदवर्ग आणि सहली यांची माहिती दरवर्षी येते, आणि डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात रोषणाई केलेले चर्च, चांदणी आणि केक यांची छायाचित्रेही तितक्याच नेमाने येतात. दोन्ही मी आवडीने पाहते. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाची ओळख वाचकांना नाताळाच्या त्या आठवड्यातच होत असेल, तर त्यांच्या दृष्टीआड फार मोठी गोष्ट राहते. आमच्यासारख्या घरांत जे काही रचले, गायले आणि जपले जाते त्याची सुरुवात पुष्कळदा उन्हाळ्याच्या शेवटी होते, रोहिणी लागल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतच्या त्या दोन आठवड्यांत, जेव्हा पोरेबाळे घरी असतात आणि दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते. त्या दिवसांविषयी, आणि यंदा आमच्या घरात ठरलेल्या एका कामाविषयी, मला आपल्या वाचकांना सांगायचे आहे.

मी राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगा आणि सून चाकणजवळ नोकरीला आहेत, मुलगी नाशिकला दिली आहे, आणि थोरले दीर व जाऊबाई आमच्याच वाड्याच्या दुसऱ्या अंगाला राहतात. मेच्या मध्याला सगळी मंडळी गावी जमतात आणि शाळा उघडायच्या आधल्या आठवड्यात पांगतात. एवढ्या काळात वर्षाची वाळवणे होतात, मसाला कुटला जातो, जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांना टाके पडतात, आणि रोज रात्री जेवणाआधी ओट्यावर सतरंजी टाकून घरची उपासना होते. एक जण वचन वाचतो, दोन भजने होतात, मग ज्याच्या मनात जे असेल त्याने प्रार्थनेत मांडायचे. लहान मुलेही मांडतात. यंदा धाकट्या नातवाने वळवाच्या पावसात पडलेल्या सुगरणीच्या खोप्यासाठी प्रार्थना केली आणि सर्वांनी मनापासून ‘आमेन’ म्हटले.

कुरडया हे आमच्या घरातले मुख्य वाळवण. तीन दिवस भिजलेला गहू वाटून त्याचा चीक काढायचा, रात्रभर निवत ठेवायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे आणि पहाटे चारला चुलीवर तो शिजवायला घ्यायचा. सूर्य वर येण्याच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत, नाहीतर दिवसभराचे ऊन वाया जाते. सोऱ्या दाबणाऱ्याला ताल लागतो. म्हणून आमच्याकडे कुरडया घालताना भजन म्हणण्याची रीत माझ्या सासूबाईंपासून आहे. ज्या घरात गाणे कामाच्या हाताला धरून आलेले असते त्या घरात ते शिकवावे लागत नाही, हे मी शिक्षिका असूनही सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र आमच्याकडे कुरडया झाल्या नाहीत. आदल्या हिवाळ्यात माझे यजमान प्रभूघरी गेले. ते गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवत आणि वर्षातून दोन-तीन कीर्तने करत. त्यांच्यामागे पेटीवरचा कपडा कोणी काढला नाही. मुले सुट्टीत आली, माझ्याभोवती बसली आणि गेली. मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. उपासनेला बसायचे, पण भजन सुरू झाले की उठून आत जायचे, असे माझे चालले होते. पाळकसाहेबांनी एकदा विचारले तेव्हा मी त्यांना सांगितले की प्रार्थना करता येते, गाता येत नाही.

यंदा मुलाने आल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती पेटी उघडण्याची. उंदरांनी भाता कुरतडलेला होता आणि दोन सूर बसले होते. तो ती नगरला कारागिराकडे घेऊन गेला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी नगरच येते, याबद्दल वाचकांनी राग मानू नये.) पेटी दुरुस्तीला जाताना तिच्या खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाडजूड वही निघाली. ती माझ्या सासूबाईंची भजनांची वही. ती हरवली असे आम्ही पंधरा वर्षे समजत होतो. यजमानांनी ती पेटीखाली जपून ठेवली होती आणि मला सांगायचे बहुधा त्यांच्या मनात राहून गेले.

अशा वह्या नगर, श्रीरामपूर, नेवासे, जालना या बाजूच्या अनेक जुन्या ख्रिस्ती घरांत असतील. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांना त्यांचे मोल कळणे कठीण आहे. आमच्या मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हे छापील गीतपुस्तक सर्रास वापरले जाते आणि त्यातली पुष्कळ गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. वहीत असते ते या पुस्तकाच्या बाहेरचे: कोणी लग्नात रचलेले, कोणी बारशाला म्हटलेले, कोणा कीर्तनकाराच्या तोंडून घाईघाईने उतरवून घेतलेले. प्रत्येक रचनेच्या डोक्यावर राग-ताल नसतो, ‘चाल’ लिहिलेली असते, आणि चालीपुढे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले शब्द असतात. ते दुसरे गाणे ज्याच्या कानात आहे त्यालाच हे गाणे गाता येते. म्हणजे कागद शाबूत राहिला तरी चाल माहीत असलेले शेवटचे माणूस गेले की भजन मुके होते. आमच्या वहीत त्र्याहत्तर भजने आहेत. त्यांपैकी एकोणिसांच्या चाली आज घरात कोणालाही येत नाहीत.

सासूबाई मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांचे अक्षर मोठे, गोल, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मुलाहिजा न ठेवणारे. १९७२ च्या दुष्काळात त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि त्या वर्षाची म्हणून नऊ भजने वहीत सलग आली आहेत. त्यांत तक्रार आहे, मिलोची लाल भाकरी आहे, लेकरांसाठी पदराला बांधून आणलेली सुकडी आहे, आणि प्रत्येक भजनाच्या शेवटी प्रभूच्या नावाने मागणे आहे. जात्यावरच्या ओव्याही आहेत. त्यांतली एक देते:

पहिली माझी ओवी गं, बेथलेहेमच्या वाटेला
गव्हाणीत निजलेल्या माझ्या देवाच्या बाळाला

जात्यावर बसणाऱ्या गावातल्या सगळ्याच बायका पहिली ओवी आपल्या देवाला वाहत असत. सासूबाईंनी रीत शेजारणींची ठेवली आणि ओवी आपल्या प्रभूला वाहिली. त्यांना त्यात काही जोडल्यासारखे किंवा तोडल्यासारखे वाटले असेल असे मला वाटत नाही.

वही उलटी करून पाहिली तेव्हा मागच्या पानांवर यजमानांचे अक्षर दिसले. त्यांनी बायबलातल्या रूथच्या गोष्टीवर कीर्तन लिहायला घेतले होते. नमन होते, पूर्वरंगाचे निरूपण पूर्ण होते, आणि उत्तररंगातले आख्यान रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते तिथे येऊन थांबले होते. त्यापुढे तारीख आणि कोरी पाने.

ज्या वाचकांना ही गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात पोट भरायला जाते. तिथे नवरा मरतो, मुलांची लग्ने होतात, आणि पुढे दोन्ही मुलगेही मरतात. नामी गावी परत निघते तेव्हा एक सून निरोप घेऊन माहेरी जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडायला तयार होत नाही. दोघी बेथलेहेमात येतात तेव्हा सातूची कापणी सुरू झालेली असते. शेताच्या कडा पुरत्या कापू नयेत आणि पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावीत, असा त्या लोकांना मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता, आणि त्या आधारावर ही परकी सून कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते. शेताचा धनी बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या. सातूपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत ती वेचत राहते. तो तिकडचा उन्हाळ्याचा काळ. यहुदी लोक हे पुस्तक पन्नासाव्या दिवसाच्या सणाला वाचतात, आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा पेंटेकॉस्टचा रविवारही मे-जूनच्याच सुमारास येतो. त्यामुळे रूथ वाचायला आमच्याकडेही हेच दिवस योग्य, असे यजमान म्हणत असत. ‘सरवा’ हा शब्द तर आमच्या भागात अजून जिवंत आहे. शेंगांचे, कांद्याचे, गव्हाचे शेत मोकळे झाले की मजुरीवरच्या बायका सरवा वेचायला जातात, आणि सासूबाई १९७२ च्या आधी आणि नंतरही गेल्या होत्या.

हे अपुरे आख्यान पुरे करायचे असा विचार प्रथम मुलाच्या तोंडून आला, आणि मला तो धाडसाचा वाटला. कीर्तन लिहिणे म्हणजे साकी, दिंडी, आर्या या वृत्तांची जाण हवी, निरूपणाला वचनाचा अभ्यास हवा, आणि आमच्यात दोन्ही जेमतेम. त्या रात्री उपासनेनंतर मी घरातल्यांना रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची हकिगत सांगितली. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, १९०० साली, आमच्याच राहुरीत घेतला. प्रभू येशूच्या चरित्रावरचे टिळकांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा अपुरे होते, आणि ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, ज्या लग्नानंतर घरातच अक्षरे शिकल्या, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे त्यांचे नाव मराठी वाचकांना ठाऊक आहे, अपुरा ग्रंथ हाती घेणारी ही बाई तितकी ठाऊक नाही. त्यांच्या योग्यतेशी आमची तुलना करण्याचा विचारही मनात आला नाही. पण एका घरात सुरू झालेले काम त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाने पुढे न्यावे, यात काही वावगे नाही, एवढा धीर त्या हकिगतीने दिला.

मग कामे वाटली गेली. नाशिकच्या नातीला पेटी येते, तिने चालींचा भाग घेतला. पुण्याला शिकणाऱ्या थोरल्या नातवाने वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले आणि मी ते पान दुसऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले. सासूबाईंचे ऱ्हस्व-दीर्घ मी मुळीच सुधारले नाहीत, कारण त्यांचा उच्चार त्यात आहे. थोरले दीर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना जितक्या चाली आठवतात तितक्या त्यांनी संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायच्या आणि नातवाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायच्या, असे ठरले. एका दुपारी त्यांना सात चाली आठवल्या. दुसऱ्या दिवशी एकही आठवली नाही, आणि ते फार कष्टी झाले. आम्ही त्यांना नंतर आग्रह केला नाही. चुलीवर चीक शिजत असताना पहाटे ते आपणहून गुणगुणू लागले आणि दोन चाली अशा मिळाल्या.

नातवाचा आग्रह होता की कीर्तनाला तयार तालाची ध्वनिफीत लावावी. त्यावर घरात चांगलीच चर्चा झाली. माझे मत असे पडले की कीर्तनकार श्रोत्यांचे चेहरे पाहून थांबतो, पुढे जातो, एखादी ओळ चार वेळा घोळवतो, आणि तयार ताल त्याच्यासाठी थांबत नाही; तबलजी थांबतो. नातवाने दोन दिवस विचार केला आणि गावातल्याच एका वारकरी तबलजीला जाऊन विचारले. ते यायला कबूल झाले आहेत. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हे प्रकरण आपल्या उपासनेत आणले, ते शेजाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून ऐकल्यामुळेच. तो ऋणानुबंध आपल्या पिढीत सुटू नये असे मला फार वाटते.

आख्यानाचा उरलेला भाग लिहिण्याचे काम सुनेने घेतले. ती वाणिज्य शाखेची पदवीधर, कारखान्यात हिशेब पाहते, आणि तिने पूर्वी कधी दोन ओळीही रचल्याचे आम्हाला माहीत नव्हते. तिने पहिली गोष्ट दाखवून दिली ती यजमानांच्या लिहिण्यातली उणीव. नामी बेथलेहेमात परत येते तेव्हा गावच्या बायका तिला ओळखून नावाने हाक मारतात, आणि ती म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण मी भरलेली गेले होते आणि रिकामी परत आले. ‘मारा’ म्हणजे कडू. यजमानांनी हा प्रसंग दोन ओळींत आटोपून रूथला शेतावर नेले होते. सून म्हणाली, “आई, बाबांना रूथची घाई झाली होती. नामीपाशी कोणी थांबलेच नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे कुरडया घालताना तिने मला हळूच विचारले, की मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याशी बोलत नव्हता, तेव्हा मनात काय होते ते सांगाल का? सोऱ्या माझ्या हातात होता. मी सांगितले. जे पाळकसाहेबांना सांगितले नव्हते, लेकीला सांगितले नव्हते, ते सांगितले: की मला देवाचा राग आला होता आणि त्या रागाची लाज वाटत होती, की ज्याने दिले त्यानेच नेले हे वचन मी दुसऱ्यांच्या घरी सांत्वनाला जाऊन कितीदा म्हटले होते, आणि माझ्या घरात ते मला ऐकवत नव्हते. ती काही बोलली नाही. तीन दिवसांनी तिने नामीच्या तोंडी घातलेले सव्वीस ओळींचे पद वाचून दाखवले. त्यात नामी देवाशी भांडते आणि भांडतानाही त्यालाच हाक मारत राहते. जाऊबाई रडल्या. मी त्या रात्री दीड वर्षांनी पहिल्यांदा भजन पूर्ण म्हटले.

हे कीर्तन हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, आमच्या गावच्या मंडळीत व्हायचे आहे. त्या दिवशी लोक बाजरी, सोयाबीन, कांदे, शेवग्याच्या शेंगा, कोंबडी, जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात, आणि रूथच्या गोष्टीला त्याहून चांगली जागा मला सुचत नाही.

संपादक महोदय, माझी विनंती आता स्पष्टच मांडते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरला सुरू झाले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते, तेव्हा मराठी आणि ख्रिस्ती माणूस यांच्या नात्याची बरीच चर्चा झाली, आणि ती पुढे ओसरली. चार शतकांची ही ओळ ग्रंथकारांच्या नावांनी मोजली जाते, ते रास्तच आहे. पण त्या नावांच्या आधी आणि नंतर सासूबाईंसारख्या बायका होत्या, आणि त्यांच्या मराठीची दखल घेणारे सदर मला कुठे दिसत नाही. आपल्या पुरवणीत एखादा रविवार अशा वह्यांसाठी द्यावा, आणि तो डिसेंबरात न देता ज्येष्ठात द्यावा. त्या वेळी आपला प्रतिनिधी गावी आला तर त्याला सजावट दिसणार नाही; ओट्यावर वाळत घातलेली चादर, तिच्यावर कुरडया, आणि राखणीला बसून पाठांतर करणारी मुले दिसतील.

ज्या घरांत अशी वही आहे त्यांनाही कळकळीचे सांगणे आहे. पाऊस लागण्याआधी ती पेटीतून, ट्रंकेतून बाहेर काढा, सावलीत वारा द्या, कसर लागली आहे का पाहा, आणि पानांची छायाचित्रे त्याच दिवशी काढून घ्या. पण त्याच्याही आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला चाली विचारा. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी छप्पर बदलताना जुन्या मासिकांचे आणि कीर्तनांच्या कागदांचे एक खोके रद्दीत गेले. ते मीच दिले होते. त्यात काय होते हे आता सांगणारे कोणी उरले नाही.

शेवटी आपल्या वाचकांकडे एक मागणे. वहीतल्या १९७२ च्या भजनांपैकी एकाची सुरुवात अशी आहे: ‘खडी फोडिता सोलले हात, ओठी तुझे नाम’. तिच्या डोक्यावर चालीच्या जागी सासूबाईंनी फक्त ‘राहुरीच्या बाईंची’ असे लिहिले आहे. या बाई कोण, त्या शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या की कामावर सोबत खडी फोडणाऱ्या कोणी, हे दिरांनाही आठवत नाही. त्या वर्षी राहुरीच्या आसपास दुष्काळी कामावर गेलेल्यांपैकी कोणाच्या कानात हे भजन असेल, किंवा कोणाच्या आईने, आजीने ते म्हटलेले ऐकले असेल, तर त्यांनी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातून कळवावे. नातीने पेटीवर दोन चाली लावून पाहिल्या आहेत, परंतु त्या बसत नाहीत, आणि त्या बाईंची चाल मिळेल या आशेने ते पान आम्ही अजून तसेच ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ता. राहुरी, जि. अहिल्यानगर